उदंचन केंद्र आणि उपनगराचे पाणी

मुंबई, ठाणे किंवा कल्याण परिसरात पाणी बंद राहणार असल्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात छापून येते, तेव्हा तीत बहुधा एक शब्द असतो : उदंचन केंद्र. बोलण्यात हा शब्द कोणी वापरत नाही. तेथे काम करणारे 'पंपिंग' म्हणतात, आसपासचे रहिवासी 'पंप हाऊस' म्हणतात. कार्यालयीन मराठीतील इतर अनेक शब्दांप्रमाणे हाही फलकावर आणि निविदेत राहिला आहे. पण शब्द अगदीच निर्जीव नाही. संस्कृतात उदंचन म्हणजे वर काढणे, आणि ज्याने वर काढायचे ते भांडेही. म्हणजे आपला विहिरीवरचा पोहराच. दोराला बांधलेला पोहरा आणि शेकडो अश्वशक्तीचे यंत्र यांना एकाच शब्दाखाली आणणाऱ्या त्या अनाम परिभाषाकाराला आम्ही मनोमन दाद देतो. त्याने नकळत एक ऐतिहासिक विधानही करून ठेवले आहे. पाणी आपणहून वर चढत नाही. ते कोणीतरी वर काढावे लागते, आणि कोणासाठी काढायचे हेही कोणीतरी ठरवावे लागते.

आपल्या साहित्यात पाण्याची ठिकाणे पुष्कळ आहेत. आड आहे, पाणवठा आहे, नदीचा घाट आहे, मोटेवरची गाणी आहेत. शहरात आल्यावर चाळीतला नळ आहे आणि त्या नळावरची भांडणे हा तर आपल्या विनोदी वाङ्मयाचा जुना आधार. धरणाखाली गेलेल्या गावांविषयीही अलीकडच्या पिढ्यांनी लिहिले. परंतु धरण आणि नळ यांच्या मधले जे घर, जेथे पाणी उचलले जाते, ते आमच्या वाचनात तरी फारसे कोठे भेटले नाही. याचे थोडे नवलही वाटते. कारण मराठी नियतकालिकांच्या इतिहासातील एक ठळक नाव, १९२० साली 'किर्लोस्कर खबर' म्हणून सुरू झालेले 'किर्लोस्कर' मासिक, ज्या उद्योगाच्या आवारात जन्मले तो उद्योग नांगरांपासून सुरुवात करून पुढे पंपांसाठीच नावाजला. यंत्राने आपल्याला मासिक दिले. आपण त्या यंत्राला लेखणीत घेतले नाही.

इतिहासलेखनाचीही स्थिती फार वेगळी नाही. मुंबईच्या पाण्याचा इतिहास सहसा तलावांच्या नावांनी सांगितला जातो. विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२, मोडक सागर १९५७, अप्पर वैतरणा १९७३, भातसा १९८० च्या सुमारापासून टप्प्याटप्प्याने, मध्य वैतरणा २०१४. ही यादी खरी आहे, पण ती पाणी कोठून आले एवढेच सांगते. ते कोणाच्या दारापर्यंत पोहोचले हा दुसरा प्रश्न आहे. उपनगरांच्या बाबतीत त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर पंपाशी थांबावे लागते, असे आमचे म्हणणे आहे.

प्रारंभीचे शतक उताराचे होते. १८५० च्या दशकातील टंचाईने बेटावरच्या विहिरी आणि तलाव पुरे पडेनासे झाले, तेव्हा हेन्री कोनीबियर या अभियंत्याच्या योजनेनुसार साष्टीतल्या डोंगरांत विहार तलाव बांधला गेला. पाणी डोंगरात अडवायचे आणि लोखंडी नळातून शहराकडे सोडायचे. मधे यंत्र नाही. ही रचना स्वस्त होती आणि भरवशाचीही. पण तिच्यातील उणीव लवकरच दिसली. विहारची उंची मलबार हिलसारख्या भागाला पुरेशी नव्हती. त्यावर उपाय म्हणून त्याहून उंचावर असलेल्या तुळशी तलावाचे पाणी आणले गेले आणि १८८० च्या दशकात मलबार हिल व भंडारवाडा या टेकड्यांवर जलाशय बांधले गेले. मलबार हिलच्या त्या जलाशयाच्या छतावर आज फिरोजशहा मेहता उद्यान आहे. फिरायला येणाऱ्या बहुतेकांना आपण पाण्यावर चालतो आहोत हे ठाऊक नसते. पुढे तानसाचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून आले, तेही उतारानेच.

तेव्हा उताराच्या पाण्याला आपण निःपक्षपाती समजू नये. गुरुत्वाकर्षण सर्वांना सारखे असले तरी तलाव कोणत्या उंचीवर बांधायचा आणि कोणत्या टेकडीवर साठवण करायची हे माणसेच ठरवतात. विहारचे खोरे साष्टीत, नळ साष्टीतून जाणारे, आणि पाणी मात्र बेटावरच्या शहरासाठी. ज्या गावांच्या शिवारातून ही जलवाहिनी गेली त्यांनी आपापल्या विहिरींवर भागवायचे, हेच दीर्घकाळ गृहीत होते. मुंबईचे पहिले उपनगर असे नळाच्या शेजारी, पण नळाबाहेर वसले.

याच काळातील एक विसंगती नोंदवावीशी वाटते. शहराला पंप अपरिचित नव्हता. वरळीच्या लव्ह ग्रोव्ह येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच पंपिंग स्टेशन उभे राहिले होते; पण ते सांडपाण्यासाठी. शहराचा सखल भाग भरतीच्या रेषेशी जवळजवळ समपातळीत असल्याने मैला आपणहून समुद्रात जात नव्हता, तो उचलून टाकावा लागे. म्हणजे स्वच्छ पाणी स्वतःच्या वजनाने खाली उतरत होते आणि यंत्राची मेहनत घाणीसाठी राखीव होती. पुढे उपनगरांच्या वाढीने पिण्याच्या पाण्यालाही यंत्राच्या स्वाधीन केले.

ही वाढ तीन टप्प्यांत पाहता येते. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. वांद्रे, कुर्ला, पार्ले, घाटकोपर येथे स्वतंत्र नगरपालिका होत्या आणि शहराचे पाणी ही त्यांना बाहेरून मिळणारी गोष्ट होती. १९५० साली महापालिकेची हद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेस भांडुपपर्यंत सरकली, आणि १९५७ साली ती दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. त्याच १९५७ साली वैतरणेवरचे धरण पुरे झाले. त्याला पुढे महापालिकेचे अभियंते मोडक यांचे नाव मिळाले. नवे नागरिक आणि नवे पाणी एकाच वर्षी आले, पण दोघांची गाठ पडायला वेळ लागला. कारण कर भरणारा नागरिक एका ठरावाने होता येते. पाणी पोहोचवायला वाहिन्या, जलाशय आणि दाब लागतो. १९६१ साली गोरेगावातून महापालिकेत निवडून गेलेल्या मृणाल गोरे यांना लोकांनी 'पाणीवाली बाई' हे नाव दिले ते याच दरीतून. एका लोकप्रतिनिधीची आयुष्यभराची ओळख पाण्याच्या नावाने व्हावी, यावरून उपनगरातली तहान किती रोजची होती याचा अंदाज येतो.

येथे दाब या शब्दापाशी क्षणभर थांबले पाहिजे. नळातले पाणी लांब जाऊ लागले की घर्षणाने त्याचा जोर कमी होतो. वाहिनीच्या आरंभीच्या घराला जे मिळते ते शेवटच्या घराला त्याच जोराने मिळत नाही, आणि शेवटचे घर उंचावर असेल तर मिळतही नाही. शहराचा उतार बेटाच्या दक्षिण टोकाकडे आखलेला होता. उपनगरे मात्र उत्तरेकडे, दोन्ही रेल्वेमार्गांना लागून आणि मग डोंगराच्या अंगावर चढत गेली. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, जोगेश्वरी, मालाड येथल्या टेकड्यांवर ज्या वस्त्या झाल्या त्यांतील बहुतेकांना सपाटीवर घर घेणे परवडणारे नव्हते. मलबार हिलवर उंची ही श्रीमंतीची खूण होती, भांडुपच्या डोंगरावर ती गरिबीची झाली. पहिल्या उंचीसाठी एक तलाव शोधला गेला. दुसऱ्या उंचीसाठी टेकडीच्या पायथ्याशी टाकी आणि पंप बसायला अनेक ठिकाणी दशके जावी लागली.

भातसा योजनेने एकूण व्यवस्थेचे स्वरूपच पालटले. आज शहराच्या सात जलाशयांची मिळून साठवण सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर धरली जाते. तीत एकट्या भातसाचा वाटा जवळपास निम्मा आहे. पण हे पाणी वैतरणा-तानसाप्रमाणे धरणातून थेट नळात उतरत नाही. ते नदीपात्रातून खाली येते, पिसे येथील बंधाऱ्यापाशी उचलले जाते, पांजरापूर येथे शुद्ध होते, पुन्हा उचलून येवईच्या संतुलन जलाशयात चढवले जाते, आणि तेथून शहराच्या वाटेला लागते. नदी सखलात आणि जलाशय टेकडीवर, यांच्यामधला चढ यंत्राने भरून काढायचा. वैतरणा-तानसाचे पाणी शुद्ध करणाऱ्या भांडुप संकुलातही पाणी पंपाने वर चढवावे लागते. अशा रीतीने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मुंबईचे पाणी, विशेषतः उपनगरांचे, विजेवर चालू लागले.

त्याचा हिशेब साधा आहे. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच न्यायला तत्त्वतः पाव युनिटहून थोडी अधिक वीज पुरते. पंप आणि मोटर यांतली तूट धरली की ती सुमारे ०.४ युनिट होते. एका कुटुंबाच्या दिवसभराच्या पाण्याला ही वीज नगण्य आहे. पण दहा कोटी लिटर पाण्याला तोच हिशेब रोज ४० हजार युनिटांवर जातो, आणि मुंबईचा दैनंदिन पुरवठा त्याच्या अनेक पट आहे. पाणी ही निसर्गाची देणगी आहे असे आपण निबंधात लिहितो. नळाचे पाणी बऱ्याच अंशी विजेचे बिलही असते.

ठाण्यापलीकडच्या पट्ट्यात ही गुंतागुंत अधिक उघड दिसते. भीमेच्या खोऱ्यातल्या आंध्रा नदीचे पाणी ठोकळवाडीच्या धरणात अडवून सह्याद्रीच्या कड्यावरून भिवपुरीला सोडले जाते. १९२२ पासून त्यावर वीज तयार होते, आणि ती मुंबईच्या गिरण्यांसाठी व रेल्वेसाठी वापरली गेली. वीज देऊन झालेले ते पाणी उल्हास नदीत येते. भर उन्हाळ्यात उल्हासला जे पाणी असते त्यात त्याचा मोठा वाटा आहे. आणि बदलापूर, जांभूळ, मोहिली, शहाड या ठिकाणी तेच पाणी पुन्हा विजेच्या पंपांनी उचलून बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीच्या नळांना जाते. पडताना वीज देणारे पाणी उचलताना वीज मागते. घाटमाथ्यापलीकडचे भीमा खोरे मात्र हे आपले वळवलेले पाणी परत मागत आले आहे. उपनगरातल्या नळाचे दुसरे टोक असे सोलापूरकडच्या शेताशी जाऊन भिडते, आणि कोणाच्याही न्यायाची गोष्ट एका पंपघराच्या आवारात संपत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पंपाने उपनगराला केवळ पाणी दिले नाही, पाण्याची वेळ दिली. दिवसरात्र सर्व वाहिन्यांत पुरेसा दाब ठेवणे शक्य नसल्याने पाणी भागाभागाने सोडावे लागते. झडप उघडणाऱ्या माणसाला मुंबईत 'चावीवाला' म्हणतात. त्याच्या फेरीप्रमाणे एखाद्या गल्लीत पहाटे चारला पाणी येते, शेजारच्या गल्लीत दुपारी. 'पाणी आले' आणि 'पाणी गेले' ही उपनगरातली कालगणना आहे. त्या वेळेला घरात हजर राहणे हे काम बहुतेक ठिकाणी बाईच्या वाट्याला आले, आणि तिची झोप, तिची नोकरी, मुलीची शाळा त्या वेळेभोवती बेतली गेली. पंपघराच्या नोंदवहीत हे कोठेही लिहिलेले नसते. परंतु तेथे पंप सुरू केल्याची जी वेळ लिहितात तिचा परिणाम शेकडो घरांच्या दिनक्रमावर होतो.

जो दाब सार्वजनिक व्यवस्था देऊ शकली नाही तो लोकांनी खाजगीत विकत घेतला. सोसायट्यांनी जमिनीखाली टाकी बांधली, गच्चीवर दुसरी, आणि दोहोंच्या मध्ये पंप. तो लावण्याचे काम वॉचमनकडे. चाळीत आणि झोपडवस्तीत थेट नळालाच छोटी मोटर जोडली जाते. तिला नियमाने बंदी आहे, तरी ती सर्वत्र आहे. या मोटरविषयी नैतिक संताप सोपा आहे; तिचे गणित समजून घेणे अधिक उपयोगाचे. ती नवे पाणी निर्माण करीत नाही, शेजाऱ्याच्या नळातले ओढून घेते. एकाने लावली की दुसऱ्याला लावावी लागते, आणि ज्याला मोटर परवडत नाही तो कोरडा राहतो. शिवाय ओढ जोराची झाली की वाहिनीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरते. पिसे येथील मोठा पंप आणि मोरीतली ही छोटी मोटर तत्त्वाने एकच आहेत. एक सर्वांसाठी उचलतो, दुसरी एकट्यासाठी. पहिल्याचा हात जेथे पोहोचत नाही तेथे दुसरी सुरू होते.

म्हणून पंप हे यंत्र इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. जोवर पाणी उतारानेच येत होते तोवर 'तुमची वस्ती उंचावर आहे, आम्ही काय करणार' या उत्तरात काही तथ्य होते. पंप आल्यानंतर ती सबब उरली नाही. उंचीला खर्च आहे, पण उंची हा अडथळा नाही. मुंबईतच पन्नास-साठ मजल्यांच्या इमारतींत शेवटच्या मजल्यावर पाणी चढते. त्यामुळे एखाद्या टेकडीवरच्या वस्तीला पाणी नाही याचे कारण यापुढे भूगोलात न शोधता निर्णयात शोधावे लागते. आणि निर्णय झालेलेही होते. ठराविक तारखेनंतर वसलेल्या झोपड्यांना अधिकृत नळजोडणी द्यायची नाही, असे धोरण दीर्घकाळ चालू होते. १ जानेवारी १९९५ ही तारीख उपनगरातल्या वस्त्यांत लहान मुलांनाही पाठ असे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये निर्वाळा दिला की घर अनधिकृत असले तरी तेथे राहणाऱ्या माणसाला पिण्याचे पाणी पूर्णपणे नाकारता येणार नाही. संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्कात पाणी येते. २०२२ साली महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण जाहीर केले. धोरण आणि नळ यांच्यातले अंतर अजून प्रत्येक वस्तीत सारखे मिटलेले नाही. पण वाद कोणत्या पातळीवर घालायचा हे तरी आता स्पष्ट आहे.

पंपघर आपल्याला दिसते ते बंद पडल्यावरच. १८ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीचे पाणी भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात शिरले, विजेची यंत्रणा बंद करावी लागली, आणि मुसळधार पावसात शहराच्या बऱ्याच भागांचे नळ कोरडे पडले. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस पिसे येथील ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि काही दिवस १५ टक्के पाणीकपात करावी लागली. वर्तमानपत्रांत ती 'शहरात १५ टक्के कपात' अशीच आली. दाबाचे गणित ज्याला कळले आहे तो या वाक्याला थबकेल. पुरवठा १५ टक्क्यांनी कमी झाला की प्रत्येक घराचे पाणी १५ टक्क्यांनी कमी होत नाही. जलाशयाजवळच्या घराला धार थोडी बारीक झाल्याचे जाणवते. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला, चढावरच्या घराला पाणी येतच नाही. कागदावर समान असलेली कपात नळातून जाताना विषम होते. हे कोणाच्या दुष्टपणाने होत नाही, आणि म्हणूनच त्याकडे लक्ष जात नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना आम्ही हे सर्व का सांगत आहोत, असा प्रश्न पडू शकेल. आपण मजकूर वाचायला शिकलेली माणसे आहोत. जाहीर सूचनेतले 'तांत्रिक कारणास्तव', 'कमी दाबाने', 'टोकाकडील भागात' हे शब्दप्रयोग हाही मजकूर आहे, आणि कर्ता वगळलेल्या वाक्यरचनेचा तो उत्तम नमुना आहे. 'पाणीपुरवठा होणार नाही' यात पाणी कोणी थांबवले, कोणाचे थांबवले, हे सांगितलेले नसते. तसेच पंपघरातल्या नोंदवह्या. पाळीवरचा कर्मचारी त्यांत पातळी, दाब, पंप सुरू-बंद केल्याची वेळ लिहीत असतो. त्या जपल्या गेल्या आणि कोणी वस्तीतल्या बायकांच्या आठवणींशेजारी ठेवून वाचल्या, तर उपनगरांचा एक वेगळा इतिहास हाती लागेल, अशी आमची समजूत आहे. उपनगरातल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना त्यासाठी लांब जावे लागणार नाही. आपल्या घरी पाणी किती वाजता येते, आणि आई किती वाजता उठते, एवढ्या दोन नोंदींपासून सुरुवात करता येईल.